नीटची तयारी मे महिन्यापासून उलटी मोजा

दहावीचा निकाल लागायच्या आतच चौकाचौकांत क्लासचे फलक झळकतात. फोटोंच्या रांगा, प्रत्येक फोटोखाली गुण आणि कोपऱ्यात 'मोजक्याच जागा शिल्लक'. त्याच सुमारास फोन यायला लागतात. या आठवड्यात पैसे भरले तर फीमध्ये सवलत, नंतर बॅच फुल्ल. मूल अजून सुट्टीच्या झोपेत असतं आणि घरातली मोठी माणसं लाख-दीड लाखाचा निर्णय दोन-तीन दिवसांत उरकून मोकळी होतात. नीटची तयारी कधी सुरू करायची, हे मग क्लासची बॅच कधी सुरू होते यावर ठरतं.

त्याऐवजी कॅलेंडर शेवटच्या पानावरून धरा. गेली काही वर्षं नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी 2 वाजता सुरू होते. 2025 पासून तिचं रूप असं आहे: 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 गुण. भौतिकशास्त्राचे 45 प्रश्न, रसायनशास्त्राचे 45 आणि जीवशास्त्राचे 90. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला 1 वजा. कोविडच्या काळात आलेले पर्यायी प्रश्न आणि त्यापाठोपाठ मिळालेली जादा 20 मिनिटं आता नाहीत. बाजारात 200 प्रश्नांचे जुने सराव संच अजून मिळतात, तेवढं बघून घ्या.

आता त्या रविवारपासून मागे चला. त्याआधीचे सहा-सात आठवडे निव्वळ उजळणी आणि पूर्ण पेपर सोडवण्याचे. त्याच्या मागे फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी बोर्डाची परीक्षा, जानेवारीपासून प्रात्यक्षिकं, जर्नल पुरी करणं, कॉलेजच्या पूर्वपरीक्षा. म्हणजे नवीन काही शिकायचं तर ते बारावीच्या नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंतच. दिवाळी आणि घरातली लग्नं वजा करा. दुसऱ्या टोकाला अकरावीचे प्रवेश लांबतात आणि कॉलेज खऱ्या अर्थानं सुरू व्हायला ऑगस्ट उजाडतो. कागदावर दोन वर्षं दिसतात, पण शिकण्यासाठी हाती उरतात ते पंधरा-सोळा महिने. त्यातही दहावीनंतर 'जरा दम घेऊ दे' म्हणत अकरावीची पहिली सहामाही कोरी गेली, तर जे उरतं त्यात दोन वर्षांचा अभ्यासक्रम बसवणं फार थोड्यांना जमतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. ज्याचं ठरलंय त्यानं अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून सुरुवात करावी. त्याआधी नको आणि त्यानंतरही नको. बारावीच्या जूनमध्ये जाग आलेल्यांचं काय? अकरावी कॉलेजपुरती का होईना, मनापासून केली असेल तर त्या दहा महिन्यांत रेटून नेता येतं. अकरावी नुसती पुढे ढकलली असेल, तर त्या वर्षी बोर्ड चांगलं करावं, नीट अनुभवासाठी द्यावी आणि पुढचं नंतर ठरवावं. दोन्हीकडे धावलं की बोर्डही हातचं जातं. नीटच्या पात्रतेसाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला 50 टक्के, राखीव प्रवर्गांना 40 टक्के लागतात आणि इंग्रजीत पास व्हावंच लागतं.

आठवी-नववीच्या फाउंडेशन बॅचबद्दल पालक हटकून विचारतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, माध्यमिक परीक्षा झाल्यावरच द्यावा, असं त्यांत स्पष्ट म्हटलेलं आहे. सूचना बाजूला ठेवली तरी तेरा वर्षांच्या मुलाला बहुपर्यायी प्रश्नांची सवय लावून काय हाती लागतं, हे मला कधी समजलेलं नाही. त्या वयात अपूर्णांक, गुणोत्तर, दहाचे घात, समीकरणातली एक राशी दुसरीकडे नेणं हे हाताला बसलं आणि पानभर मजकूर वाचून आपल्या शब्दांत सांगता आला, की फाउंडेशन झालं. दहावी-अकरावीत भौतिकशास्त्र न जमणारी बरीच मुलं प्रत्यक्षात आकडेमोडीला अडलेली असतात.

आता 'ठरलंय' म्हणजे कोणाचं ठरलंय, हेही पाहायला हवं. दहावीनंतरच्या सुट्टीत पैसे न घालवता एक चाचणी करता येते. एनसीईआरटीची अकरावीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत. जीवशास्त्रातलं पेशीवरचं प्रकरण आणि भौतिकशास्त्रातलं सरळ रेषेतल्या गतीचं प्रकरण मुलाला द्या. पंधरवडाभर त्यानं ते शिक्षकाशिवाय, जमेल तसं वाचावं आणि मागचे प्रश्न सोडवावेत. गुण मोजू नका. तो स्वतःहून बसतो का, अडलं की चिडून उठतो की दुसऱ्या दिवशी परत येतो, एवढंच पाहा. जीवशास्त्र आवडीनं वाचलं आणि भौतिकशास्त्राला हातच लावला नाही, तर तीही माहितीच आहे. अशा मुलासाठी जीवशास्त्राच्या इतर वाटा आहेत. आणि नीटमध्ये भौतिकशास्त्राचे 180 गुण आहेत, ते बाजूला ठेवून सरकारी महाविद्यालय मिळत नाही.

ठरत नसेल तर अकरावीला गणित सोडू नये. भार वाढतो, हे खरं. पण अभियांत्रिकीची वाट उघडी राहते, आणि सदिश, लॉगॅरिथम, त्रिकोणमिती, साधं कलन ही भौतिकशास्त्राला लागणारी हत्यारं आयती मिळतात. गणित सोडणाऱ्यांनीही एवढं वेगळं बसून शिकून घ्यावंच.

महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांसाठी एक अडचण अशी आहे की तिच्याबद्दल फलकावर कोणी लिहीत नाही. नीटचा अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो आणि प्रश्न एनसीईआरटीच्या वळणानं येतात. आपली बोर्डाची पुस्तकं, म्हणजे 2019 मध्ये आलेलं अकरावीचं आणि 2020 मध्ये आलेलं बारावीचं, तोच विषय वेगळ्या क्रमानं मांडतात. घूर्णन गती, द्रायूंचे गुणधर्म, उष्मागतिकी, दोलनं हे एनसीईआरटीत अकरावीला आहे, आपल्याकडे बारावीला. उलट स्थिरविद्युत, विद्युतप्रवाह, प्रकाशाची किरणं, अर्धवाहक यांची ओळख आपल्याकडे अकरावीतच होते, तिकडे बारावीत. जीवशास्त्रात रक्ताभिसरण, श्वसन, चेतासंस्था आपल्याकडे बारावीला, तिकडे अकरावीला. क्लास एनसीईआरटीच्या क्रमानं आणि कॉलेज बोर्डाच्या क्रमानं चाललं की मूल सकाळी एक आणि संध्याकाळी भलतंच शिकतं. बारावीच्या जानेवारीत मग घूर्णन गती क्लासमध्ये होऊन वर्ष लोटलेलं असतं, बोर्डाच्या पद्धतीनं ते लिहिलेलंच नसतं आणि दोन्ही पेपर तोंडावर.

उपाय एका संध्याकाळचा आहे. मोठ्या कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात नीटच्या अधिकृत अभ्यासक्रमातलं प्रकरण, दुसऱ्यात एनसीईआरटीत ते कुठे आहे, तिसऱ्यात बोर्डाच्या पुस्तकात कुठे. 2024 च्या परीक्षेपासून अभ्यासक्रमाला कात्री लागली, त्यामुळे काही रकाने रिकामे राहतील. बोर्डाच्या बारावी रसायनाचं पहिलंच प्रकरण घनावस्थेचं आहे, शेवटाकडे बहुवारिकांचं आहे. ही दोन्ही नीटमधून वगळलेली आहेत. बोर्डापुरती करायची आणि सोडायची. त्याच वेळी प्रयोगांवर आधारलेले प्रश्न अभ्यासक्रमात आले आहेत. व्हर्निअर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज यांची जर्नल दुसऱ्याची पाहून उतरवणाऱ्यांचा इथे तोटा होतो. हा कागद भिंतीवर लागला की कॉलेजात एखादं प्रकरण चालू असताना तेच नीटच्या पातळीला नेता येतं आणि एका कष्टात दोन कामं होतात.

भाषेचंही एकदाच ठरवून टाका. नीट मराठीतूनही देता येते. मराठी निवडली तर प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत मिळते, आणि भाषांतरात गफलत असली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. अर्ज करताना निवडलेली भाषा नंतर बदलता येत नाही. पण राज्यात अकरावी-बारावी विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकवलं जातं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात असलेल्या मुलानं दोन वर्षं 'फोटोसिंथेसिस' वाचलं आणि परीक्षेत 'प्रकाशसंश्लेषण' समोर आलं तर त्याचा वेळच जातो. ज्या भाषेत अभ्यास झाला त्याच भाषेत पेपर द्यावा. माध्यम बदलाचा त्रास अकरावीच्या पहिल्या तीन महिन्यांतच भोगून संपवावा. रोज दोन पानं इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचायचं आणि न कळलेले शब्द वहीत टिपायचे, यापलीकडे मला दुसरा इलाज ठाऊक नाही.

क्लास लावायचा की नाही? लावलाच पाहिजे असं नाही, पण लावणाऱ्यांनी फीच्या आधी काही गोष्टी विचाराव्यात. फलकावर ज्यांची नावं आहेत ते सर तुमच्या मुलाच्या बॅचला किती तास शिकवतील? बॅचमध्ये मुलं किती? फोटोतली मुलं वर्गात बसलेली की फक्त टेस्ट सिरीज लावलेली? मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का? मघाच्या सूचनांत उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असंही आहे. तरी क्लासचा लेखी नियम हातात घ्या. आणि शेवटचं, म्हणजे चाचणीत चुकलेल्या प्रश्नांवर कोणी मुलाबरोबर बसतं का. शिकवणं आता मोबाइलवरही चांगलं मिळतं. चुका धरणारा माणूस मिळत नाही, त्याचे पैसे द्यावेत.

लातूर, नांदेड किंवा कोट्याला पाठवायचं असेल तर आधी मूल घराबाहेर आजारपण काढू शकतं का, याचा विचार करा. कोटा किंवा हैदराबादसाठी आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांतल्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या, 15 टक्के अखिल भारतीय. राज्याच्या कोट्यासाठी अधिवास तर हवाच, शिवाय काही अपवाद वगळता दहावी आणि बारावी महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयातून झालेली असावी लागते. बाहेरच्या राज्यात बारावी करून आलेल्या मुलाच्या पालकांना हा नियम प्रवेशाच्या वेळी कळतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. दोन वर्षांची फी, होस्टेल, मेस हे सगळं भरून ते मूल 85 टक्के जागांच्या रांगेतून बाहेर पडलेलं असतं.

अभ्यास कसा करावा यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी दोनच गोष्टींवर जोर देईन. जीवशास्त्राला एनसीईआरटी ओळ न् ओळ, आकृत्यांखालच्या मजकुरासकट. दुसरं जाडजूड पुस्तक घ्यायचा मोह टाळावा. आणि बारावीच्या दिवाळीनंतर दर आठवड्याला एक पूर्ण पेपर, तोही दुपारी 2 ते 5, ओएमआरवर, काळ्या बॉलपेननं. आपल्याकडे मेमधली ती वेळ जेवणानंतरच्या सुस्तीची. पहाटे चारला उठून अभ्यास करणाऱ्या मुलाचं डोकं नेमकं त्या वेळी मंद असतं, म्हणून शेवटचे दोन महिने शरीराला दुपारची सवय लावावी लागते. जीवशास्त्र 45 ते 50 मिनिटांत उरकलं तर भौतिकशास्त्राला तासभर राहतो. गोळे शेवटी एकदम रंगवू नयेत. पानागणिक रंगवत जावेत.

वजा गुणांची भीतीही तपासून घ्या. उत्तर अजिबात माहीत नसताना चारांतला एक पर्याय ठोकला तर सरासरीनं हाती पाव गुण लागतो, म्हणजे जवळपास काहीच नाही, आणि नशीब फिरलं तर नुकसान. पण दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले तर उरलेल्या दोघांतून निवडण्याचा सरासरी फायदा दीड गुण आहे. असे प्रश्न सोडून देणारी सावध मुलं दर पेपरला गुण टाकून येतात. सराव पेपरमध्ये अशा प्रश्नांवर खूण करून त्यांतले किती बरोबर येतात हे महिनाभर मोजावं. मग अंदाज कधी घ्यायचा ते ज्याचं त्याला कळतं.

सराव पेपरच्या गुणांवरून 'लागेल का' हा हिशेब मात्र जपून. 2024 मध्ये 720 पैकी 720 मिळवणारे अनेक होते, 2025 मध्ये पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्याला 686 मिळाले. खुल्या वर्गाची पात्रतेची रेषा 2024 ला 162 होती, 2025 ला 144. 'गेल्या वर्षी अमक्याला इतक्या गुणांत लागलं' याला म्हणून काही अर्थ नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत राज्याच्या यादीत कितव्या क्रमांकापर्यंत कोणतं महाविद्यालय मिळालं, ते पाहा. सीईटी कक्षाच्या याद्या संकेतस्थळावर मिळतात.

आणि मग येतो रिपीटचा प्रश्न. वयाची वरची अट 2022 मध्ये गेली, किती वेळा परीक्षा द्यावी यालाही मर्यादा नाही, प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 वर्षं पूर्ण असली की झालं. दार बंद होत नाही, आणि त्यामुळेच कधी थांबायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं. निकालाच्या आठवड्यात हा निर्णय घेऊ नये. रडारड, नातेवाइकांचे फोन, क्लासच्या रिपीटर बॅचची सवलत, सगळं एकदम येतं. आधी परीक्षा संस्थेनं दिलेली उत्तरसूची आणि स्वतःचं ओएमआर घेऊन मुलानं एकट्यानं बसावं आणि गेलेला प्रत्येक गुण कशानं गेला ते लिहावं. प्रकरणच केलं नव्हतं, केलं होतं पण आठवलं नाही, आकडेमोड चुकली, वेळ पुरला नाही, की गोळा चुकीचा रंगवला?

निम्म्याहून जास्त गुण 'केलंच नव्हतं' या कारणानं गेले असतील तर एक वर्ष देण्यात अर्थ आहे, कारण करायला ठोस काम आहे. अभ्यासक्रम दोनदा पुरा होऊन, सराव पेपरमध्येही महिनोन् महिने गुण एकाच जागी अडकलेले असतील, तर तेच पुस्तक, तोच क्लास, तीच खोली घेऊन आणखी एक वर्ष काढल्यानं फारसं हलत नाही. रिपीट करायचंच तर काहीतरी बदलून करावं. दुसऱ्यांदा रिपीट तर पहिल्या वर्षात क्रमांक ठळकपणे वर आला असेल तरच. हा माझा कठोरपणा वाटेल, पण एकवीस वर्षांचं मूल अजून अकरावीच्या प्रकरणांत आहे आणि घरात कोणी त्याच्याशी जेवताना धड बोलत नाही, हे मला त्याहून कठोर वाटतं. थांबायचं ठरलं तर नीटच्याच गुणांवर बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, पशुवैद्यक यांचे प्रवेश होतात. कृषी आणि औषधनिर्माणासाठी एमएचटी-सीईटी, बीएस्सी नर्सिंगसाठी वेगळी सीईटी. हे अर्ज नीटच्या निकालाच्या कितीतरी आधी बंद होतात, म्हणून बारावीच्या हिवाळ्यातच भरून ठेवावेत. फी थोडीच असते. परदेशी जाण्याचा विचार असणाऱ्यांनाही नीटमध्ये पात्र व्हावंच लागतं आणि परत आल्यावर इथली परीक्षा असतेच.

कागदपत्रं हा कंटाळवाणा भाग आहे, पण घरच्यांच्या हातात पूर्णपणे असलेला हा एकच भाग. अधिवास प्रमाणपत्र अकरावीच्या सुट्टीत काढा. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठीचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा पडताळणी समितीकडे जायला हवा. आजोबांच्या काळातला शाळेचा दाखला शोधायला, आडनावातली एक वेलांटी दुरुस्त करायला महिने जातात. नॉन-क्रीमीलेअर चालू मुदतीचं हवं. अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि विमुक्त-भटक्या जमाती किंवा एसईबीसी असे आपल्या राज्यातले प्रवर्ग त्या कोट्यात वेगळे नसतात. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि नीटचा अर्ज या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं असावं. रिपीट केलेल्यांना मधल्या वर्षाचं गॅप प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

आणि अर्ज सायबर कॅफेत भरायचा असला तरी त्यात मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, दुकानदाराचा नको. प्रवेशपत्र, निकाल, पसंतीक्रम, प्रत्येक फेरीचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि फेऱ्या दिवाळीपर्यंतही लांबतात. तो नंबर तोवर चालू राहील एवढा रिचार्ज असू द्या.